हलकं रिव्हॉल्वर, दुखणारा अंगठा आणि 'कमी धक्क्याचं' काडतूस

उदगीरच्या एका आडतदारांनी विचारलंय. वय अठ्ठावन्न. मोंढ्यात तूर-हरभऱ्याची आडत, सुगीत रोकड घेऊन ये-जा, म्हणून परवाना. आधी सरकारी कारखान्याचं जुनं .३२ बोअर रिव्हॉल्वर होतं, ते देऊन हलकं, अर्ध्या किलोचं नवं घेतलं. आता सरावाला गेलं की अंगठ्याच्या बुडात कळ येते, आणि पहिली गोळी कशीबशी बसली तरी पुढच्या कुठं जातात ते कळत नाही. अमेरिकेतले व्हिडिओ बघून त्यांनी विचारलंय की कमी धक्क्याचं काडतूस कोणतं, 'वॉडकटर' मागवावं का, हलकी वेगवान गोळी बरी की जड संथ. शिवाय धाकटा भाऊ म्हणतो की घ्यायचंच होतं तर .३८ घ्यायचं.

माझी नोकरी राज्य राखीव दलात गेली, त्यातली बरीच कोतात, म्हणजे हत्यारांच्या कोठारात, आणि फायरिंग बटावर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी. निवृत्तीनंतर परवानाधारकांना हाताळणी शिकवतो. मला या प्रश्नात तीन वेगळ्या तक्रारी दिसतात: हात दुखतो, नेम फिरतो, आणि कमरेला जे लावलंय त्यावर भरवसा बसत नाही. काडतूस नीट निवडलं तर तिसरी तक्रार बरीचशी सुटते, पहिली थोडीशी. दुसरी जवळजवळ सुटतच नाही, आणि सगळ्यात मोठी तीच आहे.

भावाचं आधी मिटवू. .३८ आणि ९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहेत, साध्या परवान्यावर मिळत नाहीत. मिळालं असतं तरी तुमच्या अंगठ्याचं भलं झालं नसतं. .३२ रिव्हॉल्वरच्या नेहमीच्या काडतुसात ९८ ग्रेनची, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या थोडी वरची गोळी असते आणि ती सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास जाते. .३८ स्पेशलची जुनी नेहमीची गोळी १५८ ग्रेनची, दहा ग्रॅमच्या वर, आणि वेग साधारण २३० मीटर. हे वेग चार इंची नळीतले; आखूड नळीत दोन्ही कमी होतात. पण एकाच अर्ध्या किलोच्या बंदुकीतून दोन्ही उडवायची म्हटली तर .३८ चा धक्का ऊर्जेच्या हिशेबात साधारण तिप्पट भरतो. भाऊंना हे दाखवा.

आता व्हिडिओंचं. तिथली माणसं खोटं बोलत नाहीत, पण त्यांची अडचण वेगळी आहे. तिथं खिशात मावणारं दोन इंची नळीचं, ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचं .३८ सर्रास वापरतात. वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, घरं (सिलिंडरमधली काडतुसं बसायची भोकं) पाच. त्यात लोक '+पी' नावाची जास्त दाबाची काडतुसं घालतात. साध्या .३८ ला दाबाची मर्यादा चौरस इंचाला १७,००० पौंड, +पी ला २०,०००. मग हात सुजतो, दुसरी गोळी जाते आभाळात, आणि जाणती मंडळी सांगतात की +पी सोडा, साध्या दाबाचं घ्या, तेही झेपेना तर १४८ ग्रेनचं वॉडकटर घ्या. वॉडकटर म्हणजे पुढून सपाट कापलेली शिशाची गोळी, पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी आवरणाच्या) तोंडाशी जवळजवळ समतल बसवलेली. मुळात कागदी निशाणाला स्वच्छ गोल भोक पडावं म्हणून ती काढली.

बाळगायला ती का सुचवतात, तेही सांगतो. पोकळ टोकाच्या गोळीला फुलायला वेग लागतो. दोन इंची नळीत तो पुरेसा मिळेलच असं नाही. कपड्याने टोक बुजलं की ती साध्या गोळीसारखी जाते, आणि वेळेआधी फुलली तर उथळ थांबते. १९८६ साली मियामीत एफबीआयच्या माणसांची गाजलेली चकमक झाली. तिथं एक गोळी लागूनही पुरेशी खोल गेली नव्हती. त्यानंतर त्यांनी गोळी जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच आत जावी ही कसोटी धरली. सपाट वॉडकटर फुलण्यावर अवलंबूनच नसतं. संथ असूनही ते सरळ आत जातं, आणि धक्का कमी म्हणून दुसरी गोळीही ठिकाणावर पडते. उणी बाजू एवढीच की सपाट कड घराच्या तोंडाशी अडते, त्यामुळे घाईत पुन्हा भरताना बोटं अडखळतात. म्हणून तिथले काही जण बंदुकीत वॉडकटर आणि खिशात गोल नाकाची काडतुसं ठेवतात.

हे सगळं ऐकून तुम्ही .३२ साठी 'त्याहून सौम्य' काहीतरी शोधताय. पण .३२ एस अँड डब्ल्यू लाँग, म्हणजे तुमच्या रिव्हॉल्वरचं काडतूस, हे मुळातच सौम्य आहे. १८९६ चं. त्याच सुमारास न्यूयॉर्कचे पोलीस आयुक्त असलेल्या थिओडोर रूझवेल्टने आपल्या शिपायांना .३२ ची कोल्ट रिव्हॉल्वरं दिली. पुढं जगभरच्या पोलिसांनी ते 'अपुरं' म्हणून सोडलं आणि नेमबाजांनी 'सुखाचं' म्हणून ठेवलं. आजही २५ मीटर सेंटर-फायर पिस्तूल स्पर्धेत .३२ वॉडकटरच सगळ्यात जास्त दिसतं. अमेरिकेतला माणूस .३८ सोडून उतरत उतरत जिथं येतो, तिथं तुम्ही आधीच उभे आहात.

मग धक्का लागतो कशाने? बऱ्यापैकी बंदुकीच्या वजनाने. काडतूस तेच ठेवलं की धक्क्याची ऊर्जा वजनाच्या उलट प्रमाणात वाढते. तुमचं जुनं साधारण सातशे ग्रॅमचं, नवं पाचशेच्या आसपास. भरलेल्या वजनांवर धरलं तरी सुमारे ३५ टक्के वाढ झाली. ९८ ऐवजी ८५ ग्रेनची गोळी मिळाली आणि ती त्याच वेगाने गेली, तर यातलं बरंचसं परत येईल. पण हलकी गोळी उत्पादक सहसा वेग वाढवूनच विकतात, आणि वेग वाढला की वाचवलेलं गेलं. हलकं रिव्हॉल्वर कमरेला सोपं, उडवायला कठीण. २०१४ साली 'निर्भीक' नावाचं .३२ रिव्हॉल्वर निघालं तेव्हा टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, पर्समध्ये मावणारं म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि बाळगण्यापुरतं ते खरंही आहे. महिन्यातून काही वेळाच बाळगायचं आणि सराव मात्र नेटाने करायचा, तर मी जुनं जड ठेवा म्हणालो असतो. दिवसभर गादीवर बसून-उठून कमरेला काचतं म्हणून हलकं घेतलं असेल, तर तेही समजतं. कारण काय होतं ते तुम्हीच जाणता.

हलक्या गोळीची आणखी एक गोम. या रिव्हॉल्वरांची माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) पक्की बसवलेली असते, सरकवता येत नाही. नळी उचलायला लागते ती गोळी आत असतानाच. जड संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, म्हणून वर लागते. हलकी वेगवान लवकर बाहेर पडते, म्हणून खाली लागते. माशी ज्या वजनाच्या गोळीसाठी धरली आहे त्यापासून लांब गेलात, की धक्का कमी होऊनही निशाण हुकेल आणि दोष हाताला द्याल.

आता नेम फिरण्याकडे येतो. बटावर 'धक्का सोसवत नाही' म्हणून आलेल्या माणसांत धक्क्याने हरलेली थोडी असतात. बाकीच्यांना आवाज आणि चाप नडतो. आखूड नळीचा आवाज १५० डेसिबलच्या आसपास असतो. कानात काही न घालता दोन-तीन गोळ्या उडवल्या की शरीर पुढच्या गोळीआधीच आकसतं. लहान रिव्हॉल्वरचा घोडा आधी न चढवता सरळ चाप ओढायचा, तर बोटावर पाच किलोच्या आसपास जोर लागतो, आणि बंदूक स्वतः अर्ध्या किलोची. इतका जोर एका बोटाने लावताना उरलेली बोटंही आवळली जातात आणि नळी खाली झुकते. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या खाली-डावीकडे जातात त्या यामुळे. काडतुसाचा इथं काही संबंध नाही.

हे तपासायची जुनी रीत आहे. सरावाला सोबत्याला बंदूक भरायला सांगा. सहा घरांपैकी काहींत जिवंत काडतुसं आणि काहींत उडवलेल्या पुंगळ्या घालून, तुम्हाला न दाखवता, नळी निशाणाकडेच ठेवून त्याने ती तुमच्या हातात द्यावी. पुंगळीवर घोडा पडला आणि नळीने खाली डुबकी मारली, तर ती डुबकी तुमची. त्यावर औषध सोपं आणि कंटाळवाणं: घरी रिकामा सराव. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, घरं दोनदा तपासलेली, घरांत डमी काडतुसं, समोर जाड भिंत, आणि चाप इतका सावकाश ओढायचा की माशी हलू नये. रोज दहा मिनिटं पुरतात. (.२२ बोअरवाल्यांनी डमीशिवाय हे करू नये. त्यात पिन काडतुसाच्या कडेवर मारते, आणि घर रिकामं असेल तर घराच्या धातूवरच आपटते.)

दुखण्याबद्दल. अंगठ्याच्या बुडात कळ येते म्हणजे बंदूक बहुधा मनगटाच्या रेषेत नाही. हाताचा पंजा लहान असला की चापापर्यंत बोट पोचावं म्हणून माणूस बंदूक तळव्यात फिरवून धरतो आणि बंदुकीच्या मुठीची मागची कड अंगठ्याच्या सांध्यावर टेकते. मग जो काही धक्का आहे तो सगळा त्या एका सांध्यात. नळी आणि कोपर एका ओळीत आणा, तळवा मुठीवर जमेल तितका वर, दुसऱ्या हाताने समोरून घट्ट आवळा. तुमच्या हाताला बसेल अशी रबराची मूठ बसवून मिळत असेल तर परवानाधारक दुकानातूनच बसवा. तिथं खर्च केलेला पैसा कुठल्याही परदेशी काडतुसापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

एक गोष्ट मात्र करू नका. 'चाप लोण्यासारखा करून देतो' म्हणत स्प्रिंग कापणारे भेटतात. चाप हलका होतो, पण घोड्याचा घावही हलका होतो, आणि टोपी (काडतुसाच्या बुडातली, ठिणगी देणारी वाटी) जरा कडक निघाली की काडतूस उडत नाही. अशीच बंदूक घेऊन येणारे 'काडतूस खराब आहे' म्हणून भांडतात. टोपीवर पिनची खूण उथळ दिसली की आधी स्प्रिंगकडे बघायचं.

एवढं झाल्यावर काडतूस. परवानाधारकाला .३२ साठी मुख्यतः सरकारी कारखान्यांचाच माल मिळतो. बुडावर 'केएफ' असा ठसा म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा कारखाना. २०२१ च्या ऑक्टोबरपासून तो म्युनिशन्स इंडिया या कंपनीत आला. परदेशी वॉडकटर येतं ते मुख्यतः स्पर्धक नेमबाजांच्या परवानगीतून. तुम्ही नेमबाज संघटनेचे सभासद असाल आणि कायदेशीर वाटेने मिळत असेल तर घ्या, उडवून बघा, उत्तम आहे. नाही मिळालं तर झुरू नका. साधी गोल नाकाची शिशाची गोळी .३२ च्या वेगाला फुलत नाही, पण वॉडकटरही फुलत नाहीच. ठिकाणावर लागली तर दोन्हींत फरक थोडा, आणि चुकली तर काहीच नाही.

दुकानात एक धोका सांभाळा. .३२ नावाची दोन काडतुसं आपल्याकडे चालतात. एक रिव्हॉल्वरचं, पुंगळी साडेतेवीस मिलिमीटरच्या जवळपास, बुडाला ठसठशीत कड. दुसरं पिस्तुलाचं, .३२ एसीपी, पुंगळी सव्वासतरा मिलिमीटर, गोळी ७१ ग्रेनची, कड अगदी नाममात्र. दोन्हींना '७.६५' म्हणतात. पिस्तुलाचं आखूड काडतूस काही रिव्हॉल्वरांच्या घरात शिरतं. 'बघा, बसतंय की' म्हणून घालू नका, त्याचा दाब रिव्हॉल्वरच्या काडतुसापेक्षा बराच जास्त असतो. पेटी उघडून, बुडाचा ठसा वाचून मगच पैसे द्या.

मग एकाच लॉटची जमतील तेवढी घ्या, परवान्यावर लिहिलेल्या आकड्याच्या आत. त्यातली निम्मी सरावाला, निम्मी बाळगायला. सरावाची सगळी एकदाही न अडकता उडाली, सात मीटरवरून चाप ओढून सहाच्या सहा जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत पडली, तर तेच तुमचं बाळगायचं काडतूस. पाच उडवून सहावं बाहेर काढा आणि न उडवलेल्या नव्या काडतुसाशेजारी उभं करा. हलक्या बंदुकीच्या झटक्याने उरलेल्या काडतुसातली गोळी पुढं सरकते. जास्त सरकली तर नाक घराबाहेर येऊन सिलिंडर फिरायचं थांबतं. .३२ मध्ये हे क्वचित होतं, पण गोळी ढिली बसलेल्या जुन्या मालात होतं. टोपी बुडाच्या वर उचललेली आहे का, हेही बोट फिरवून बघा. तीही सिलिंडर घासते.

'दारू कमी घालून हलकं काडतूस बनवून देतो' असं कोणी म्हटलं तर हात जोडा. परवान्याशिवाय काडतूस भरणं हा गुन्हा तर आहेच. शिवाय दारू फार कमी पडली की शिशाची गोळी नळीतच अडकते. आवाज 'फुस्स' असा येतो, माणूस सवयीने पुन्हा चाप ओढतो, आणि मागची गोळी पुढच्या गोळीवर आदळून नळी फुगते किंवा फाटते. आवाज किंवा धक्का नेहमीपेक्षा कमी वाटला की थांबायचं, बंदूक रिकामी करायची, नळीतून आरपार उजेड दिसतो का बघायचं. चाप ओढून काहीच झालं नाही, तर सरावात नळी निशाणाकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा; कधीकधी टोपी उशिरा पेटते.

ठेवण्याचं आपल्याकडे विशेष आहे. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात काडतुसं ठेवणारे खूप. एका दिवसाने काही होत नाही, पण उन्हाळ्यामागून उन्हाळे तापून दारू खराब होते. चामड्याच्या पट्ट्यातल्या खोबणीत वर्षभर राहिली की घामाने आणि चामडं कमावायच्या रसायनांनी पितळेवर हिरवा थर चढतो. तो पुसून तेच काडतूस बंदुकीत घालू नका. आणि खंडेनवमी. शस्त्रपूजेला बंदूक रिकामी करून ठेवा, हळदकुंकू मुठीवर वाहा, नळीच्या तोंडाशी आणि घरांत नको, आणि काडतुसांना तेलाचं बोट अजिबात लावू नका. पातळ तेल टोपीच्या कडेने आत झिरपतं आणि टोपी निकामी होते. पूजेला मांडलेली सहा काडतुसं पुढं वर्षभर बंदुकीत ठेवायची चाल मी बऱ्याच वाड्यांत पाहिली आहे. बाळगलेली काडतुसं दरवर्षी सरावात उडवून टाका आणि नवी भरा.

सराव कुठं, हा खरा तिढा. हवेच्या पिस्तुलाचे दहा मीटरचे हॉल आता आपल्या शहरांत झालेत, पण त्यात .३२ उडवता येत नाही. पुण्याला बालेवाडीत २५ मीटरची रेंज आहे. जवळपासचं नेमबाज संघटनेकडे किंवा पोलीस अधीक्षक कार्यालयात रीतसर अर्ज करून विचारा. शेतात, विहिरीच्या काठावर 'दोन उडवून बघतो' हे बंद. काळ्या पाषाणावरून शिशाची संथ गोळी बेभान उडते आणि शेजारच्या शिवारात खुरपणाऱ्या बाया असतात. वरातीत उडवण्याचं तर बोलूच नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२५ च्या सुरुवातीला बीड जिल्ह्यात परवान्यांची झाडाझडती होऊन किती गेले ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. स्वसंरक्षणाची कलमं आता भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ आहेत. ती वकिलाकडून एकदा समजून घ्या. केवळ रोकड वाचवायला गोळी कधी चालवता येते, याबद्दल लोकांच्या कल्पना फार ढिल्या असतात.

एक शक्यता उरते. सांध्याचाच आजार असेल तर वरची मूठबीठ सगळी मर्यादित कामाची. मग 'निडर' नावाचं .२२ चं छोटं रिव्हॉल्वर घ्यावं असा विचार लोक करतात. धक्का जवळजवळ नाही, पण कडेवर पेटणारं काडतूस मध्यभागी टोपी असलेल्यापेक्षा जास्त दगा देतं, आणि त्या चिमुकल्या बंदुकीचा चापही हलका नसतो. घोडा चढवून उडवणं हा दुसरा मार्ग. चाप एकदम हलका होतो, नेम सुधारतो. पण चढवलेला घोडा घाबरलेल्या हाताने परत उतरवताना अपघात होतात, म्हणून तुमच्या कामासाठी मी तो शिकवत नाही. तुमच्या जागी मी जुनं जड रिव्हॉल्वर परत मिळतं का ते आधी बघितलं असतं.

पुढचं सांगण्याआधी एवढं कळवा: कळ सरावातच येते की सकाळी तांब्या उचलतानाही, गोळ्या कागदावर कोणत्या बाजूला पडतात, आणि उडवलेल्या दोन-तीन पुंगळ्यांच्या बुडाचा जवळून काढलेला फोटो. फोटोत परवान्याचा किंवा बंदुकीचा नंबर येऊ देऊ नका.